लवकर लग्न, लवकर ऑपरेशन: आष्टी परिसरातील कुटुंब नियोजनाचा इतिहास

आष्टी हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील मोठे गाव. याच नावाची गावे बीड आणि वर्धा जिल्ह्यांतही आहेत, म्हणून तालुका जोडून सांगावा लागतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निघाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून काढून नव्या जिल्ह्याला जोडला गेला. ज्वारी, कापूस आणि तुरीचा हा कोरडवाहू पट्टा आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी येथील बाई पाच-सहा, कधी त्याहून जास्त बाळंतपणे काढत असे. आज बहुतेक घरांत दोन किंवा तीन मुले आहेत. मुलीच्या लग्नाचे वय मात्र त्या मानाने वाढलेले नाही. मुले कमी झाली ती उशिरा सुरुवात करून नव्हे, तर लवकर थांबून. असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी सरकारी धोरणाच्या इतिहासात सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लोकसंख्या वाढेल अशी भीती या भागात कोणालाच नव्हती. भीती होती ती माणसे टिकण्याची. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी १५ लाख होती, ती १९०१ मध्ये १ कोटी ११ लाखांवर आली. मधल्या दहा वर्षांत लागोपाठ दुष्काळ पडले आणि पटकी व तापाच्या साथी येऊन गेल्या. १९११ मध्ये आकडा १ कोटी ३४ लाखांच्या आसपास गेला आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तो १९२१ मध्ये पुन्हा १ कोटी २५ लाखांपर्यंत खाली आणला. या काळात जन्मदर चढाच होता, पण जन्मलेले मूल जगेल याची खात्री नव्हती. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडून बाळाचे ललाट तिच्या हवाली करायचे, कारण त्या पहिल्या दिवसांतच सर्वाधिक मुले जात. एक-दोन मुले दगावल्यावर झालेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, उकिरडा अशी नावे ठेवत. नकोशा वस्तूकडे मृत्यूची नजर जात नाही, हा त्यामागचा हिशेब. अशा घरात 'किती मुले हवीत' हा प्रश्नच उपस्थित होत नव्हता.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात मात्र हा प्रश्न जाहीरपणे विचारला जाऊ लागला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या विचारांपायी त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि खटले, दंड व कर्ज सोसत १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला, तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी त्याच वर्षापासून हे काम हाती घेतले आणि पुढे आमदार व खासदार म्हणून ते सभागृहात नेले. संस्थानांपैकी म्हैसूरने तर १९३० मध्येच सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली होती. निजामाच्या मराठवाड्यात यातले काहीच नव्हते. बालविवाह रोखणारा १९२९ चा शारदा कायदासुद्धा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळे पुण्या-मुंबईची तीस वर्षांची चर्चा परतूरच्या वाट्याला आली नाही. इथे कुटुंब नियोजन आले ते थेट सरकारी खाते म्हणून, हातात रजिस्टर घेऊन.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर घेणारा तो जगातील पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते आणि त्यांतलेही बरेच खर्च झाले नाहीत. भर होता दवाखान्यांवर: ज्याला सल्ला हवा त्याने यावे. खेड्यातून कोणी आले नाही. १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटींवरून ४४ कोटींच्या घरात गेलेली दिसल्यावर दिल्लीत धावपळ उडाली. वास्तविक यात जन्म वाढले नव्हते, मृत्यू कमी झाले होते. हिवतापविरोधी फवारणी, देवीची लस आणि साथीच्या रोगांवरचा ताबा यांमुळे मूल जगू लागले होते. आई-बापांना ते कळायला मात्र आणखी एक पिढी जावी लागली.

१९६६ मध्ये केंद्रात कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग निघाला. लाल त्रिकोण, हसरे चौकोनी कुटुंब आणि 'दोन किंवा तीन मुले पुरेत' हा संदेश शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर आला. १९६५ पासून गर्भाशयात लूप बसवण्याची मोहीम जोरात झाली. रक्तस्राव आणि पाठदुखीच्या तक्रारींकडे पुढे कोणी पाहिले नाही म्हणून ती बदनाम होऊन बसली. १९६८ पासून निरोध तीन नगांना १५ पैशांत दुकानातून मिळू लागला. पण महाराष्ट्राने मुख्य मदार ठेवली ती पुरुष नसबंदीवर. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे थाटली होती, आणि साठीच्या दशकात या कामात महाराष्ट्र देशात आघाडीवर होता.

धोरणाचा खरा वळणबिंदू मात्र साधनात नव्हता, तो उद्दिष्टात होता. राज्याला केंद्राकडून आकडा यायचा, तिथून तो जिल्हा परिषदेला, मग पंचायत समितीला आणि शेवटी गावच्या कर्मचाऱ्याला. ग्रामसेवक, तलाठी, शाळामास्तर, परिचारिका या सगळ्यांना वर्षाकाठी ठरावीक 'केसेस' आणायच्या असत. माणूस 'केस' झाला. मास्तराने केस आणली, सिस्टरची केस तलाठ्याने आपल्या नावावर दाखवली, एकाच केसवर दोघांनी हक्क सांगितला, असे वाद खेड्यापाड्यांत नित्याचे झाले. मार्चअखेर जवळ आली की फेऱ्या वाढत. साठी उलटलेले, अविवाहित, किंवा ज्यांचा संसार केव्हाच आटोपला होता असे पुरुषही यादीत चढत. जन्मदरावर त्यांचा परिणाम शून्य, पण उद्दिष्ट पुरे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. खडी फोडण्याच्या आणि नाला बांधाच्या कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीने होत्या, लेकरे झाडाला बांधलेल्या झोळीत. त्या काळापासून सरकारी मदत आणि सरकारी माणूस हा रोजच्या जगण्याचा भाग झाला. सरकारकडे जाण्याची गरज वाढली तशी सरकारला अट घालण्याची सोय झाली. ती अट तीन-चार वर्षांतच आली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्राचे लोकसंख्या धोरण जाहीर झाले. त्यात लग्नाचे किमान वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ करण्याचा प्रस्ताव होता, नसबंदीचे पैसे वाढवले होते, लोकसभेतील जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्याचे ठरले होते, आणि राज्यांना हवे तर सक्तीचा कायदा करावा अशी मोकळीक होती. दोनच वर्षांपूर्वी बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत भारताने विकास हेच उत्तम संततिनियमन अशी भूमिका घेतली होती. ती आता बाजूला पडली.

ही मोकळीक घेऊन विधेयक मंजूर करण्यापर्यंत गेले ते महाराष्ट्र. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, मराठवाड्यातून त्या पदावर पोचलेले पहिले नेते. १९७६ च्या महाराष्ट्र कुटुंब मर्यादा विधेयकानुसार तीन हयात मुले असणाऱ्या जोडप्यातील एकाने नसबंदी करून घेणे सक्तीचे होणार होते, आणि न करणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. विधिमंडळाने ते मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवले. संमती मिळाली नाही आणि कायदा कधीच अमलात आला नाही. पण कायद्याविनाही काम अडले नाही. १९७६–७७ मध्ये राज्याला साडेपाच लाखांच्या आसपास शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात झाल्या आठ लाखांहून अधिक. देशभरात त्या वर्षी ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत जानेवारी १९७६ च्या शिबिरासाठी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून धरून गाडीत घातल्याच्या तक्रारी झाल्या, त्या पुढे देशभर गाजल्या.

खेड्यात सक्तीचे रूप सगळीकडे इतके उघड नसे. बियाण्याचे कर्ज, घराचा भूखंड, पगारवाढ, बदली, ज्याला जे हवे असेल त्याच्या आड प्रमाणपत्र उभे राहायचे. भूमिहीन मजूर, भटके आणि दलित वस्त्यांतील माणसे यात आधी सापडत, कारण त्यांच्याकडे नाही म्हणायला ना जमीन होती ना ओळख. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागा मिळाल्या. उत्तरेतल्यासारखा तिचा सफाया झाला नाही, पण नसबंदी हा शब्द राजकारणातून बाद झाला. खात्याचे नाव 'कुटुंब नियोजन' बदलून 'कुटुंब कल्याण' झाले.

यानंतरचा बदल नावापेक्षा फार मोठा होता. पुरुषांची नसबंदी जवळजवळ बंद पडली आणि सगळा भार बाईवर आला. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी: पोट उघडावे लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. पण 'गड्याला जड काम होत नाही', 'अंगातली ताकद जाते' या समजुतींना आणीबाणीच्या आठवणींची जोड मिळाली आणि कोणत्याही सरकारला पुन्हा पुरुषांच्या वाटेला जायचे धैर्य झाले नाही. बाई मात्र विरोध करत नव्हती. बऱ्याच वेळा तीच मागणी करत होती. सुरुवातीला टाक्यांचे ऑपरेशन असे, मग ऐंशीच्या दशकात दुर्बिणीचे बिनटाक्याचे आले.

शिबिराचा दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळीच सुरू होई. उपाशी पोटी आलेल्या बायका व्हरांड्यात रांगेने बसलेल्या, प्रत्येकीबरोबर सासू किंवा आई, तिच्या मांडीवर तान्हे मूल. शहरातून येणाऱ्या सर्जनची गाडी दुपारी पोचे. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन, अंगठा किंवा सही आणि एकामागून एक नंबर. शस्त्रक्रिया झालेल्यांना खाटा पुरत नसत म्हणून जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या. पैसे मिळत ते थोडेच. २००७ च्या दरानुसार सरकारी केंद्रात पुरुषाला १,१०० रुपये आणि दारिद्र्यरेषेखालील बाईला ६०० रुपये असे ठरले, म्हणजे सोप्या शस्त्रक्रियेला जास्त मोबदला, तरीही पुरुष आले नाहीत. २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरच्या शिबिरानंतर १३ बायका दगावल्या. त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करून शस्त्रक्रिया नियमित रुग्णालयांत आणण्याचा आदेश दिला.

कागदोपत्री उद्दिष्टांची पद्धत १९९६ मध्ये संपली. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर आकड्यांऐवजी बाईच्या आरोग्याला धरून काम करायचे ठरले होते. प्रत्यक्षात 'उद्दिष्ट' जाऊन 'अपेक्षित कामगिरी' आली, एवढेच.

जन्मदर कशाने उतरला, याचे श्रेय शिबिरांना संपूर्णपणे देता येत नाही. राज्यात १९७१ मध्ये हजार जन्मांमागे सुमारे १०५ अर्भके वर्षाच्या आत दगावत, २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. मूल जगणार हे कळल्यावर जादा मुलांची राखीव फळी लागत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवून दिले. गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून आधी अतिसार, कुपोषण आणि बाळंतपणातले मृत्यू आटोक्यात आणले, मग कुटुंब नियोजन फारसा आग्रह न करता रुजले. दुसरे कारण जमीन. राज्यातील शेतकऱ्याची सरासरी धारणा १९७०–७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५–१६ मध्ये १.३४ झाली. चार भावांत वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय आले हे ज्याने पाहिले, त्याला भाषण ऐकवावे लागले नाही. तिसरे कारण शाळा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून राज्यात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले आणि शाळेत जाणारे मूल हे कमावत्या हाताऐवजी खर्चाची बाब झाले.

एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२–९३ च्या पहिल्या फेरीत महाराष्ट्रात २.९ होता. २००५–०६ मध्ये तो २.१ झाला आणि २०१९–२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ पुरतो. जालना जिल्हा मात्र राज्याच्या मागून चालत होता. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १३ हजारांवरून १९ लाख ५९ हजारांवर गेली. ही वाढ २१ टक्क्यांहून जास्त होती, राज्याची १६ टक्के.

मुले कमी हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्या की तिसरीच गोष्ट घडते. पूर्वी पाच-सहा बाळंतपणांत मुलगा आपोआप होई. दोनमध्ये तो बसवायचा तर निवड आली. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला होता, केंद्राचा १९९४ चा. तरी जालना जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे २००१ मध्ये ९०३ होते, ते २०११ मध्ये ८७० वर आले. शेजारच्या बीडमध्ये ते ८०७ होते, राज्यात सर्वांत कमी. मुली असलेल्या आणि एक-दोन अपत्यांवर थांबणाऱ्या घरांसाठी सरकारने योजना काढल्या: २०१६ ची माझी कन्या भाग्यश्री, २०२३ ची लेक लाडकी. लेक लाडकीत मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर शस्त्रक्रियेची अट आहे. गर्भलिंग तपासणीच्या काळात न जन्मलेल्या मुलींचा हिशेब आता लग्नाच्या बाजारात दिसतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला बाशिंग बांधलेल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, कारण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही.

सक्ती गेली तरी अट राहिली, ती राजकारणात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद लढवता येत नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील अशाच तरतुदीला मान्यता दिली, आणि २००५ पासून राज्य सरकारी नोकरीसाठीही छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते. गावच्या राजकारणात हा नियम म्हणजे हाती आलेले हत्यार ठरला. निवडून आलेल्या सदस्याच्या तिसऱ्या मुलाचा जन्मदाखला विरोधक शोधून काढतात, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, तारखा पडतात. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्यावर तर विचित्र स्थिती आली. मुलगा होईपर्यंत बाळंतपणे काढण्याचा निर्णय क्वचितच तिचा असतो, पद मात्र तिचे जाते. आमदार-खासदारांना ही अट नाही, हे गावकरी आवर्जून सांगतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी पाहावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्याच्या कोरडवाहू भागातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे लग्न लवकर लावण्याला रोख पैशाचे कारण मिळते. मुलगी मागे कोणाकडे ठेवायची ही धास्ती त्यात मिळते. आरोग्य खात्याची वर्षअखेर मार्चमध्ये, नेमकी ही माणसे फडात असताना, त्यामुळे तपासणी, लस आणि पाळणा लांबवणारी साधने यांपासून हीच बाई सर्वांत दूर राहते. विशीत दोन-तीन मुले, मग ऑपरेशन, आणि त्यानंतर अंगावरून जाणे, पोटदुखी यांवर खासगी दवाखान्यात थेट गर्भपिशवी काढण्याचा सल्ला, हा क्रम बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये उघडकीस आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आष्टीची शीव बीड जिल्ह्यापासून लांब नाही आणि कोयता घेणारी कुटुंबे दोन्हीकडे सारखीच आहेत.

२०१९–२१ च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील बायकांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २२ टक्के, जालन्यात ३५ टक्के आणि ज्या परभणीतून परतूर आले त्या जिल्ह्यात ४८ टक्के होते. त्याच पाहणीत राज्यातील निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती, पुरुषांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तांबी, गोळ्या आणि २०१७ पासून आलेले 'अंतरा' इंजेक्शन यांचा वाटा शस्त्रक्रियेपुढे किरकोळ आहे. सत्तर वर्षांत जो कार्यक्रम 'थांबा' म्हणायला शिकला, तो 'सावकाश सुरू करा' हे फारसे सांगू शकला नाही, कारण थांबलेल्या बाईची केस मोजता येते, पुढे ढकललेल्या लग्नाची नाही. २००७ मध्ये सातारा जिल्ह्यात पहिले मूल दोन-तीन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्यांना रोख बक्षीस देण्याचा प्रयोग झाला, तो राज्याचा कार्यक्रम होऊ शकला नाही. लग्नाच्या वयाचे काम २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याकडे आहे आणि त्याखालचा गावपातळीवरचा प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याच्या पूर्वसुरींनी १९७६ मध्ये केसेस आणल्या होत्या. या कामाला त्याला उद्दिष्ट नाही.